नीव्हेसच्या रिटर्नमधला पशुवैद्य

बेविलाक्वा साहेबांच्या तोंडून ते एक वाक्य निसटलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नीव्हेस माझ्या वरच्या मजल्यावर राहते. ती आणि तिचा नवरा लिव्हियो. तिनं अडतीस वर्षं त्रिएस्तेत घरोघर टपाल वाटलं, तेही सान जाकोमोच्या चढावर, जिथे रस्त्यापेक्षा पायऱ्याच जास्त. लिव्हियो गोदीत इलेक्ट्रिशियन होता. तो आधी निवृत्त झाला, ती दोन वर्षांपूर्वी. दोघांचं टॅक्सचं रिटर्न दरवर्षी बेविलाक्वा साहेब भरायचे. ते अकाउंटंट, ऑफिस चौकातच. नीव्हेस कागद नेऊन द्यायची, आठवड्यानं जाऊन सही करायची, ऐंशी युरो मोजायची, की वर्षभराची कटकट मिटली.

या एप्रिलमध्ये मात्र तिला घाई नव्हती. निवृत्त माणसाला नसतेच. सहीला गेली तेव्हा खुर्चीत नीट बसली, चष्मा लावला आणि मागच्या वर्षीचा कागद वाचायला लागली. एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, हे काय हो?"

बेविलाक्वांनी कागद जवळजवळ हिसकावूनच घेतला. हसत म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला डोकं शिणवता? हे तुमचं काम नाही. तुम्ही फक्त सही करा."

झालं. नीव्हेसनं टेबलावरचे सगळे कागद एकेक करून पिशवीत भरले, पिशवीचा बंद आवळला आणि सही न करता घरी आली. मला जिन्यातच गाठलं.

"फुल्व्हिया, अडतीस वर्षं मी लोकांच्या दारात उभी राहून सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि हा मला सांगतो, फक्त सही करा!"

"मग आता कोणाकडे जाशील?"

"कोणाकडे नाही. मीच भरणार. अगं, सरकार आपलं रिटर्न आधीच भरून ठेवतं हल्ली. पेन्शन, आणि टॅक्समधून वजा होणारा डॉक्टरचा, औषधांचा खर्च, सगळं. आपण बघायचं आणि बटण दाबायचं. त्या एका बटणाचे हा माणूस ऐंशी युरो घेतो!"

आता लिव्हियोचं ऐका. बसून घेतलेली कॉफी महाग पडते म्हणून जन्मभर बारमध्ये उभ्यानं कॉफी प्यायलेला हा माणूस. बायको पैसे वाचवतेय म्हटल्यावर त्यानं उड्या मारायला हव्या होत्या. तर हा म्हणाला, "ऐंशी युरो म्हणजे काय गं एवढे? माणूस भला आहे. त्याचं पोट त्यावर चालतं."

"तुला बरं वाटत नाहीये का?" नीव्हेसनं विचारलं.

मेच्या सुरुवातीला तिनं कामाला हात घातला. मला बोलावलं ते धीर द्यायला. मी बेकरीच्या काउंटरवर आयुष्य काढलेली बाई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी अक्रोडाचा केक घेऊन गेले आणि तिच्या शेजारी बसले. सरकारी साईटवर शिरायला आधी ओळख पटवावी लागते. पासवर्ड हवा. त्यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा आणि एक चिन्ह हवं.

"कसलं चिन्ह?"

"उद्गारचिन्ह टाक," मी म्हटलं. "तुझ्या बोलण्यात ते असतंच."

मग फोनवर आकडे आले, ते शोधायला चष्मा, चष्मा शोधायला मी. तेवढ्यात पडद्यावर पाटी आली की तुमची वेळ संपली आहे.

"माझी वेळ संपली?" नीव्हेस पडद्याला म्हणाली. "तुझ्या साहेबांची पत्रं मी बर्फातून पोचवलीत! थांब जरा!"

तिसऱ्या खेपेला आत शिरलो. आणि खरं सांगते, मलाही मजा वाटली. तिची पेन्शन तिथे सेंटपर्यंत बरोबर. नवा चष्मा होता. दातांचा डॉक्टर होता. नीव्हेस एकेका ओळीवर टिचकी मारायची, आतला तपशील उघडायचा आणि ती लहान मुलीसारखी टाळी वाजवायची.

"हे बघ, गुडघ्याचं मलम! अगं, ह्यांना माझ्या गुडघ्याचंसुद्धा ठाऊक आहे! आणि तो बेविलाक्वा म्हणे हे तुमचं काम नाही."

मग तिचं बोट थांबलं.

"फुल्व्हिया, हे वाच."

मी वाचलं. पशुवैद्यकीय खर्च, चारशे बारा युरो.

"पशुवैद्यकीय म्हणजे जनावरांचा डॉक्टर ना?"

"हो."

"माझ्याकडे जनावर कुठंय?"

नीव्हेसच्या घरात साधी गोगलगायसुद्धा भाजीबरोबर आली तर परत जाते. आणि कुत्रा तर नावच काढू नका. टपाल वाटताना तिला तीन वेळा कुत्रे चावले. पहिल्या दोघांना तिनं माफ केलं. तिसऱ्यानं डाव्या पोटरीचा लचका तोडला, सात टाके पडले. त्या दिवसापासून तिनं जाहीर केलं होतं की कुत्रा या घरात आला की मी निघाले.

"चोरी!" ती उठून उभी राहिली. "कोणीतरी माझं आरोग्यकार्ड वापरतंय, टॅक्सचा नंबर त्याच्यावरच असतो. माझ्या नावावर कुत्रे बरे करून घेतंय!"

लिव्हियो दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. चेहरा चुन्यानं सारवल्यासारखा. "मशीनची चूक असेल," तो म्हणाला. "खोडून टाक ना ती ओळ. मी जरा मळ्यावर जाऊन येतो, भाजीला पाणी घालायचंय."

सकाळपासून पाऊस पडत होता.

मळा म्हणजे वर पठारावर ओपीचीनाजवळचा त्याचा जमिनीचा तुकडा, एक पत्र्याची खोली आणि चार वाफे. तो तिथे रोज जायचा, वारं सुटलेलं असलं तरी जायचा, आणि आठवड्याकाठी कोशिंबिरीच्या पाल्याचे तीन गड्डे घेऊन यायचा. तीन गड्ड्यांना सात खेपा जरा जास्तच, असं माझ्या कधी डोक्यात आलं नाही. त्या दिवशीही आलं नाही.

नीव्हेसनं ओळ खोडली नाही, तिच्यावर टिचकी मारली. आत पाच बिलं निघाली, पाचही एकाच दवाखान्याची. दवाखाना ओपीचीनाचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बस पकडली. नीव्हेसनं ठेवणीतला कोट घातला होता आणि ब्रोच लावला होता, कारण तिच्या मते चोर सापडला तर पुढे पोलिसांकडे जावं लागणार होतं. दवाखान्याच्या काउंटरवर एक हसरी पोरगी होती. नीव्हेसनं आपलं आरोग्यकार्ड तिच्यासमोर आपटलं.

"हे कार्ड तुमच्याकडे कोण वापरतं, ते मला कळलं पाहिजे."

पोरगीनं नाव वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "अय्या, तुम्हीच नीव्हेसबाई? शेवटी आलात! गुडघे बरे आहेत ना आता? आणि सार्दोन कसाय? कानाचे थेंब घालताय ना वेळेवर?"

"कोण सार्दोन?"

"तुमचा कुत्रा."

नीव्हेसनं आपलं कार्ड उचलून उलटसुलट बघितलं. मीच विचारलं, "त्याला इथे आणतं कोण?"

पोरगीचा आवाज जरा खाली आला. "यांचे मिस्टर. फार गोड माणूस. म्हणतात, आमच्या हिचा त्याच्यावर भारी जीव, पण गुडघ्यांमुळे तिला येता येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पाकिटातून यांचं कार्ड काढून दिलं. औषधं आणायला निघाले होते ना, दोघांची कार्डं त्यांच्याकडेच होती. तेच फाईलला लागलं. काही चुकलं का?"

"किती वर्षं झाली?" नीव्हेसनं विचारलं.

"चार होतील."

मी नीव्हेसकडे बघितलं. सान जाकोमोत सार्दोन नावाचा एकच कुत्रा होता. सार्दोन म्हणजे आमच्याकडची बारकी मासळी. लहानपणी त्यानं कोळणीच्या टोपलीतून ती पळवली, तेव्हापासून ते नाव पडलं. म्हाताऱ्या कोच्यान्चिचचा कुत्रा. सात टाके त्याचेच.

दवाखान्यातून मला वाटलं ती तडक मळ्यावर जाईल. पण ती म्हणाली, "आधी बेविलाक्वा." बसनं आम्ही परत खाली उतरलो. वाटेत ती नुसती ब्रोचची पिन उघडत होती आणि बंद करत होती.

बेविलाक्वा साहेब आम्हाला बघून उभे राहिले.

"साहेब, माझ्या रिटर्नमध्ये कुत्रा आहे?"

"आहे, बाई."

"किती वर्षं?"

"चार."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"गोपनीयता, बाई. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची गोपनीयता पाळावी लागते."

"गिऱ्हाईक कोण?"

"तुम्ही."

"म्हणजे माझी गोपनीयता तुम्ही माझ्यापासून पाळलीत?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लिव्हियोंनी हात जोडले हो. म्हणाले, ती ओळ काढून टाका. मी म्हटलं, खर्च खरा आहे, बिलं खरी आहेत, मी का काढू? राहू दिली. आणि बाई, सही तुम्ही करत होतात. दरवर्षी. मला पहिल्या वर्षी वाटलं, वाचलं असेल, काही बोलत नाहीत म्हणजे चालतंय. दुसऱ्या वर्षी कळलं की तुम्ही वाचतच नाही."

नीव्हेसचे कान लाल झाले.

"आणि यंदा?" तिनं विचारलं. "यंदा तुम्ही मला म्हणालात, हे तुमचं काम नाही."

"तुमचं बोट नेमकं त्याच रकान्यावर होतं!" साहेब कळवळून म्हणाले. "मी घाबरलो. तोंडात आलं ते बोलून गेलो. त्याबद्दल माफ करा. बाकी तुम्ही भरायला घेतलंत ते चांगलंच केलंत. तसं अवघड काही नसतं त्यात."

"ते मला कळलंय," नीव्हेस म्हणाली आणि बाहेर पडली.

पुन्हा बस. दुपार झाली होती, मला भूक लागली होती. मी हॅम घातलेले दोन पाव विकत घेतले आणि ते तिच्या पिशवीत ठेवले, कारण माझी लहान होती.

मळ्याच्या फाटकातून आम्ही आत शिरलो तेव्हा लिव्हियो खोलीच्या पायरीवर बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक मोठं, गंजक्या रंगाचं डोकं होतं. एका हातात औषधाची बाटली. कुत्र्याचा एक डोळा पांढरा झाला होता आणि तोंडाभोवतीचे केस माझ्यापेक्षा पांढरे. लिव्हियोनं वर बघितलं. बाटली लपवायला गेला, मग नाद सोडला.

"थेंब पूर्ण घाल आधी," नीव्हेस फाटकापासूनच म्हणाली. "मग बोलू."

त्यानं थेंब घातले. निम्मे बाहेर सांडले.

"म्हातारा कोच्यान्चिच गेला," तो सांगू लागला. "पुतण्यानं मला फ्यूज बघायला बोलावलं. हा जिन्यात बसलेला. चार दिवस तिथेच होता म्हणे. पुतण्या म्हणाला, उद्या इंजेक्शन देऊन मोकळा होतो. मी फ्यूज बसवला आणि निघालो, तर हा माझ्या मागं."

"आणि तू त्याला हाकललं नाहीस."

"हाकललं. दोनदा."

"मला सांगायला चार वर्षं लागतात?"

"तुझ्या पोटरीवर सात टाके आहेत, नीव्हेस. ते मी रोज बघतो. कुठल्या तोंडानं सांगू की ज्यानं तुला फाडलं त्याला मी खाऊ घालतोय?"

ती वाफ्यांकडे बघत राहिली. चार वाफ्यांतल्या तिघांत गवतच होतं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हलका झाला की मी उगीच फाटकाची कडी बघायला वळले, "मी घरी बसायला लागल्यापासून तू रोज सकाळी पळतोस. मला वाटलं, तुला माझ्याबरोबर बसायचा कंटाळा येतो."

लिव्हियो उठला. "वेडी आहेस का? अगं, त्याला सकाळी बाहेर न्यावं लागतं. नाही नेलं तर आतच करतो."

यापेक्षा बरं काही त्याला सुचलं नाही, आणि यापेक्षा बरं काही तिला चाललंही नसतं. तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतेय, हसत होती.

एवढ्यात सार्दोन उठला. हळूहळू, एकेक पाय तपासत, सरळ आमच्याकडे आला. नीव्हेसनं माझं कोपर असं पकडलं की तिथे आठवडाभर निळं होतं. तो तिच्यापाशी पोचला. बूट हुंगले. डावी पोटरी हुंगली, अगदी नीट, सावकाश. मग नाक वर नेलं, पिशवीत खुपसलं, आणि माझा हॅमचा पाव कागदासकट काढून घेऊन गेला.

"चोर तो चोरच," नीव्हेस म्हणाली. पण कोपर सोडलं.

मग ती गर्रकन माझ्याकडे वळली. खोलीच्या भिंतीशी हाडांचा ढीग होता. "ही हॅमची हाडं कोणाकडची?"

"माझ्याकडची," मी म्हणाले. "दर रविवारी लिव्हियो घेऊन जातो. मला म्हणाला खताला लागतात."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"तुला मशीनची चूक वाटली का? नाही ना. मला वाटली असती. मी अशीच आहे."

घरी येईपर्यंत ती पुन्हा रिटर्नवर आली होती. संध्याकाळी तिघंही तिच्या स्वयंपाकघरात बसलो. लिव्हियोनं मळ्यावरचा बियांचा डबा आणला होता, त्यात सगळी बिलं घडी घालून ठेवलेली. नीव्हेसनं पाच बिलं पडद्यावरच्या पाच ओळींशी ताडून पाहिली, प्रत्येकीपाशी पेन्सिलीची खूण केली.

"खोड ना ती ओळ," लिव्हियो पुन्हा म्हणाला. "परताव्यात चार पैसे कमी येतील, जाऊ देत. तुला कुत्रा नकोय, तर कागदावर तरी कशाला?"

"कुत्रा मला नकोच आहे. पण खर्च झालाय की नाही?"

"झालाय."

"मग खरी ओळ मी का खोडू? न झालेला खर्च लिहिणं जसं खोटं, तसं झालेला खोडणंही खोटंच. मी सरकारशी खोटं बोलत नाही. ते घरात चालतं, असं दिसतंय."

लिव्हियो केकचे कण बोटानं गोळा करत बसला.

"पण एक आहे," नीव्हेस चष्मा सावरत म्हणाली. "इथे लिहिलंय, प्राणी सोबतीसाठी पाळलेला असला पाहिजे. फुल्व्हिया, वाच. कोणाच्या सोबतीसाठी ते लिहिलंय का?"

मी वाचलं. "नाही. नुसतं सोबतीसाठी."

"बरं," ती म्हणाली. बराच वेळ तिचं बोट बटणावर अधांतरी होतं. पडद्यावर परत ती पाटी यायच्या बेतात असेल. मग तिनं बटण दाबलं, जसंच्या तसं मान्य. रिटर्न गेलं. पोच आली, तिच्यावर नंबर होता. तो नंबर तिनं कॅलेंडरवर, डायरीत आणि ओट्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला. मग लिव्हियोचं रिटर्न उघडलं. त्यात एक खोकल्याचं औषध होतं, बाकी काही नाही.

"किती कंटाळवाणा माणूस आहेस कागदावर," ती त्याला म्हणाली.

अटी तिनं त्याच संध्याकाळी घातल्या. कुत्रा मळ्यावर राहील. जिना चढणार नाही. तिचं कार्ड तिच्याकडे राहील. मंगळवारी आणि शनिवारी तीही वर येईल, पण वाफे साफ करायला, कुत्र्यासाठी नाही. उन्हाळाभर ती जात राहिली. ती आपली घडीची खुर्ची वाफ्यांच्या एका टोकाला मांडायची, सार्दोन दुसऱ्या टोकाला पडायचा, आणि दोघं एकमेकांवर नजर ठेवून असायची. मध्ये लिव्हियो, दोघांनाही पाणी देत. ऑगस्टच्या पेन्शनबरोबर परतावा आला. बेविलाक्वांनी अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. ते तिनं फ्रिजवर लावलं, आणि मला म्हणाली की माणूस तसा वाईट नाही, फक्त भित्रा आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस पावसासकट बोरा सुटला. आमच्याकडचा हा वारा तुम्ही कधी अंगावर घेतला नसेल तर सांगून कळायचं नाही; त्या दिवशी कोपऱ्यावरच्या स्कूटर आडव्या पडल्या होत्या आणि वर पठारावर पत्रे उडाल्याचं रेडिओवर सांगत होते. चारच्या सुमारास मला जिन्यात धापा ऐकू आल्या. दार उघडून बघते तर लिव्हियो. आपल्या जाड कोटात काहीतरी भलंमोठं गुंडाळून छातीशी धरलेलं, आणि कोटातून एक पांढरा डोळा बाहेर बघतोय. आमच्याकडे लिफ्ट नाही. सत्तरीचा माणूस आणि तीस किलोंचा कुत्रा, आणि अजून एक मजला बाकी.

"काही बोलू नकोस," तो मला म्हणाला.

मी मागून शेपटीची बाजू धरली. आम्ही वर पोचलो. त्याला बेल वाजवता येईना, म्हणून मी वाजवली.

नीव्हेसनं दार उघडलं. तिनं आधी कोटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. आम्ही तिघं दारात धापा टाकत होतो, ते दोघं तर टपकतही होते.

"पाय पुसून आत या म्हणावं," ती म्हणाली.

"कोणाला म्हणू?" लिव्हियोनं विचारलं.

"सगळ्यांना," ती म्हणाली आणि जुनं फडकं आणायला आत गेली.